क्लेमचं ‘बरोबर’

ऑगस्ट महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी नोलीन पर्डननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर उघडला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "क्लेम, आज हा कुठल्या भाषेत छापलाय रे?"

क्लेम चुलीत लाकूड सारत होता. बायको आपली थट्टा करतेय असं त्याला वाटलं, आणि ते त्याला लागलं. बत्तीस वर्षांच्या संसारात नोलीननं त्याच्या घोरण्याची थट्टा केली होती, टकलाची केली होती, त्याच्या आईच्या पुडिंगची तर माणसं जमवून केली होती. या एका गोष्टीची मात्र कधीच नाही.

"मला काय विचारतेस?" तो वळून न बघताच म्हणाला.

"अरे खरंच. बघ तरी. नुसते किडे वळवळतायत."

मग तो वळला. तिचा चष्मा जागेवर होता, चेहरा नेहमीसारखा होता, पेपरही सुलटा असावा. पण चहाचा कप तिच्या उजव्या हाताशी होता आणि ती तो चाचपडत शोधत होती. क्लेमनं हातातलं लाकूड तसंच जमिनीवर टाकलं आणि गाडीची किल्ली घेतली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी झालीय. उजवीकडचं दिसणं गेलंय आणि वाचणं गेलंय. बोलणं आहे, चालणं आहे, स्मरणशक्ती धड आहे, आणि बहुतेक लिहिणंही असणार.

"वाचता येत नाही तर लिहिता कसं येईल?" क्लेमनं विचारलं.

"मेंदूत त्यांची घरं वेगळी असतात, मिस्टर पर्डन," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नोलीनच्या हातात पेन दिलं.

नोलीननं झरझर एक ओळ लिहिली आणि काय लिहिलं तेही सांगून टाकलं. "माझं नाव नोलीन पर्डन, आणि तुमच्याकडचा चहा पाणचट आहे." डॉक्टर हसले. त्यांनी तिच्याशी पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग तोच कागद तिच्यापुढं धरला. "आता हे वाचा बरं."

नोलीननं कागद जवळ घेतला, लांब धरला, मान वाकडी केली. "हे कुणी लिहिलंय?" तिनं विचारलं.

तो कागद पांघरुणावर नवराबायकोच्या मध्ये पडला होता. दोघंही त्याच्याकडे बघत होते आणि दोघांनाही तो अगदी सारखाच दिसत होता. पण हे त्या खोलीत त्या दोघांनाच ठाऊक होतं.

क्लेमला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव तेवढं तो काढायचा, तेही चित्र काढावं तसं. नदीपलीकडच्या रानात एका खोलीची शाळा होती, तिथं तो गेला होता. पहिलं वर्षभर अक्षरं उलटी काढली म्हणून मास्तरांनी त्याच्या तळहातावर छडी चालवली. दुसऱ्या वर्षी मास्तरच दमले. त्यांनी क्लेमला शाळेच्या शेगडीसाठी लाकडं फोडायला बसवलं. आतून पाढ्यांचा आवाज यायचा आणि बाहेर आठ वर्षांचा क्लेम कुऱ्हाड चालवायचा. घरी जाऊन सांगायचा, शाळा झकास चाललीय. बाराव्या वर्षी तो सफरचंदाच्या बागेत कामाला लागला, आणि पुढं नगर परिषदेच्या रस्त्याच्या कामावर. त्यांचं ते लांब पातं असलेलं रस्ता सपाट करायचं यंत्र त्याच्या हाती आलं आणि त्याचं नशीब फळफळलं. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांना त्याच्यासारखा उतार कुणाला देता यायचा नाही. पाऊस कितीही झाला तरी क्लेमच्या रस्त्यावर डबकं साचत नाही असं लोक म्हणायचे.

क्लेम बागेत होता तेव्हा नोलीन तिथल्याच शेडमध्ये फळं निवडायला होती. तिनं त्याला एकदा चिठ्ठी दिली होती, शनिवारी धक्क्यावर भेट म्हणून. क्लेमनं ती चिठ्ठी आठवडाभर खिशात जपली आणि शनिवारी घरीच बसला. सोमवारी नोलीन तणतणत त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. त्यानं खिशातून चिठ्ठी काढून दाखवली, घडीवर घडी पडून मऊ झालेली, आणि विचारलं, "यात काय आहे?" तिनं त्याच्याकडे बघितलं, चिठ्ठी परत घेतली आणि वाचून दाखवली. तेव्हापासून ती वाचतच राहिली. सरकारी कागद, औषधांच्या बाटल्या, त्याच्या कामाची वही, सगळं. मतदानाच्या आदल्या दिवशी ती त्याच्याकडून पाठ करून घ्यायची, वरून तिसरा चौकोन, मग पहिला, मग पाचवा. आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर ती त्याला गोष्टीची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची. खुनाच्या तपासाची तिला फार आवड. खुनी कोण हे क्लेम तिच्या आधी ओळखायचा आणि ती पुस्तक मिटून त्याला उशीनं हाणायची.

बाहेर वेळ मारून न्यायला क्लेमजवळ चष्म्याची डबी होती. ती तो खिशातून काढायचा, उघडायचा आणि म्हणायचा, "घ्या! चष्मा घरीच राहिला." डबीत चष्मा कधी नव्हताच. त्यांची एकुलती मुलगी रोवीना, तिलासुद्धा पत्ता नव्हता. लहानपणी ती पुस्तक घेऊन बापाकडे आली की तो म्हणायचा, "आईकडे जा, तिचा आवाज गोड आहे." रोवीना मोठी झाली, देशाच्या दुसऱ्या टोकाला एका खाणीच्या कचेरीत नोकरीला लागली. तिची पत्रं आली की नोलीन वाचायची आणि क्लेम ऐकत मान हलवायचा.

तर आता ही नोलीन घरी आली होती आणि घरात एकालाही वाचता येत नव्हतं.

पहिला फटका कामावर बसला. रोजच्या कामाची वही दर शुक्रवारी नोलीन भरायची. त्या शुक्रवारीही तिनं भरली, क्लेम सांगत गेला तसं. पण रकाने तिला कळेनात आणि ओळीवर ओळ चढली. सोमवारी मुकादम बेव्हन वही नाचवत आला.

"काय रे क्लेम, हे काय मुंग्या शाईत पडून फिरल्यात?"

"चष्मा..." क्लेम म्हणाला.

"अरे मग नवा कर की लेका! आता पुढच्या महिन्यापासून यंत्र तपासल्याचं पानही रोज भरायचंय. चाळीस खुणा आहेत त्यात."

त्या महिन्याच्या अखेरीला क्लेमनं नोकरी सोडली. बायकोजवळ कुणीतरी हवं, असं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. क्लबात सगळे जमले. बेव्हननं ग्लास उंच करून भाषण केलं. "बायकोसाठी यंत्रावरून उतरणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. आमच्या बायका, काय सांगू, उलट आम्हालाच यंत्रावर बसवून येतील!" सगळे हसले, टाळ्या पडल्या. क्लेमच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की दुसऱ्या दिवशी खांदा दुखत होता.

हॉस्पिटलात दर पंधरा दिवसांनी गुरुवारी फिलिपा नावाची मुलगी यायची. बोलणं-वाचणं गेलेल्या माणसांना शिकवणं हे तिचं काम. वय असेल पंचवीस-सव्वीस, बोलण्यात उत्साह उतू जाणारा. पहिल्याच भेटीत तिनं नोलीनला सांगितलं, "तुमचं वाचणं बरंचसं परत येऊ शकतं, मिसेस पर्डन. पण पहिले सहा महिने महत्त्वाचे. मेंदू या दिवसांत नवी वाट शोधत असतो."

नोलीनच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारपण सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

पद्धत सोपी होती. अक्षर बघायचं, बोटानं ते गिरवायचं, हाताला ओळखू येतं का बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. फिलिपानं जाड ठशातल्या अक्षरांचे वीस-पंचवीस कागद काढले आणि ते क्लेमच्या हातात दिले.

"मी पंधरवड्यातून एकदाच येते. रोजचं काम तुमचं, मिस्टर पर्डन. अर्धा तास बसायचं. त्या म्हणतील ते बरोबर असलं तर बरोबर म्हणा. चुकलं तर लगेच अडवा. एवढं मात्र सांभाळा, कारण चूक एकदा पक्की झाली की निघता निघत नाही. जमेल ना?"

"जमेल की," क्लेम म्हणाला.

परत येताना नदीकाठच्या वळणावर नोलीन म्हणाली, "सांगून टाकूया तिला."

"कुणाला?"

"त्या पोरीला. चांगली आहे रे ती. हसायची नाही."

"हसायची नाही," क्लेम म्हणाला. "वहीत लिहील."

 वाटेत नोलीननं एकदा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दोघं टेबलाशी बसले. क्लेमनं कागद मांडले. नोलीननं पहिलं अक्षर गिरवलं. "एस?"

"बरोबर."

"एम... एम ना?"

"बरोबर."

ती प्रत्येक अक्षर म्हणून त्याच्या तोंडाकडे बघायची. तो तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचा. ती ठाम असली की तो पटकन म्हणायचा, ती चाचरली की जरा थांबून म्हणायचा, पण म्हणायचा बरोबरच. चौथ्या दिवशी नोलीन वरच्या कोपऱ्यातल्या अक्षराला टी म्हणाली. त्यानं मान हलवली. मग तिचं बोट तिथंच थांबलं.

"मघाशी मी यालाच एफ म्हणाले होते."

"कुठल्याला?"

"यालाच. कोपऱ्यातल्या. तेव्हाही तू बरोबर म्हणालास."

 नोलीननं कागद पालथा घातला आणि उठून बटाटे सोलायला घेतले.

पण हार मानेल ती नोलीन कसली. दोन दिवसांनी खाटकाकडून आणलेला मांस गुंडाळायचा कोरा कागद तिनं टेबलभर पसरला. "हे बघ, मला लिहिता येतंय," ती म्हणाली. "मी काय लिहिलं ते लिहिताना मला ठाऊक असतं. मी लिहिते आणि नाव सांगते, तू ते शीक. तुला आलं की तू माझं तपास. आहे की नाही?"

क्लेमला तिच्या अकलेचं कौतुक वाटलं. सत्तावन्नाव्या वर्षी तो शाळेत बसला. पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. ओ आला. एस आला, तो त्याच्या जुन्या डोंगरी रस्त्यासारखा होता. टी आला, सी आला. एके दिवशी सूपच्या डब्यावर त्यानं स्वतःहून ओ शोधला आणि डबा नाचवत तिला दाखवायला गेला. तिला ते अक्षर ओळखू येत नव्हतं, तरी ती म्हणाली, "शाब्बास रे माझ्या!"

मग बी आणि डी आले.

"काठी तीच, पोट तेच," क्लेम म्हणाला. "नुसतं फिरवलं की नाव बदलायचं? खुर्ची कशीही फिरवली तरी ती खुर्चीच असते ना?"

"पोट उजवीकडे असलं तर बी."

"माझ्या उजवीकडे की त्याच्या?"

"क्लेम!"

"अगं विचारतोय."

त्याच्या तळहाताला घाम फुटायचा. पेन्सिल धरली की हात आपोआप आखडायचा. कागदावरचं अक्षर बघता बघता पालटायचं, आणि बघ्यांची गर्दी जमल्यासारखे त्याचे कान तापायचे. वेळ थोडा होता म्हणून ते दोन्ही अभ्यास एकदमच करत होते. सकाळी ती शिकवायची, दुपारी तो तपासायचा. आणि तपासताना आता तो धीटपणे अडवायलाही लागला होता. "चूक, हा डी," तो म्हणायचा. ती म्हणायची, "हो का? मला बी वाटला." तिला जे खरं वाटत होतं ते सोडून ती त्याचं ऐकायची, कारण अडवणारा कुणीतरी भेटल्यावर तिला बरं वाटत होतं. असे पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी नोलीननं फिलिपाच्या कागदावरचं एक अक्षर तीन-चारदा गिरवलं आणि बोट उचलून हवेतही काढलं.

"क्लेम, हे बी आहे. माझा हात सांगतोय."

"डी आहे."

"माझा हात खोटं सांगत नाही. तू नीट बघ."

"बघतोय ना! किती बघू?" त्याचा आवाज चढला. "मला आठ वर्षांचा करू नकोस, नोल!" पेन्सिल त्यानं भिंतीवर फेकली.

"मग मी काय करू?" ती शांतपणे म्हणाली. "सांग. मी कुणाला विचारू?"

ऑक्टोबरात रेडिओवर एक निवेदन लागायला लागलं. वाचता-लिहिता येत नसेल तर लाजू नका, दर बुधवारी पाच वाजता गावच्या वाचनालयात या, कुणाला कळणार नाही. नोलीन भांडी विसळत होती. ती नळ बंद करून उभी राहिली. बुधवारी क्लेमनं दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला.

"कुठं निघालास?" तिनं विचारलं, जणू तिला माहीतच नव्हतं.

"येतो जाऊन."

वाचनालयाच्या दारावर छपराच्या पन्हळीतून कुजका पाला लोंबत होता. आत टेबलाशी डॉट नेटलफोल्ड बसली होती. नगर परिषदेच्या खिडकीवर तीस वर्षं पगाराच्या कागदावर क्लेमची सही घेतली होती ती ही डॉट. रिटायर होऊन आता इथं शिकवायला येत होती. क्लेमनं तिच्यापुढं ती रिकामी डबी किती वेळा उघडली होती त्याला गणती नव्हती.

"अगोबाई, क्लेम! तू इकडे कुठं?" डॉट म्हणाली. तिच्यामागं टेबलाशी एक तरुण बाई आणि एक मच्छीमार वह्यांवर वाकून बसले होते. दोघांनीही माना आणखी खाली घातल्या.

"पन्हळ," क्लेम म्हणाला. "पन्हळ तुंबलीय म्हणे तुमची. बघायला आलो."

"तुला कुणी सांगितलं? देवमाणूस आहेस रे बाबा! महिनाभर मी ओरडतेय."

तिनं शिडी आणून दिली. स्वच्छ शर्टाच्या बाह्या सारून क्लेम छपरावर चढला आणि कुजलेला पाला मुठी भरभरून खाली टाकत राहिला. खालून खिडकीतून डॉटचा आवाज येत होता. हळू, प्रेमळ, एकेक अक्षर तीन-तीनदा सांगणारा. साडेसहापर्यंत तो वर होता. घरी आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता. नोलीननं त्याच्या हातांकडे बघितलं आणि गरम पाण्याचं भांडं पुढं केलं. 

नोव्हेंबरात फिलिपानं परीक्षा घेतली. नोलीन गिरवत होती, म्हणत होती आणि फिलिपाच्या कपाळाला आठी पडत होती.

"काही अक्षरं छान आलीत. पण बी, डी, पी, क्यू, हे तर तुम्ही ठामपणे उलटे म्हणताय. पहिल्या भेटीत हे नव्हतं. एफ-टीचाही घोळ झालाय." तिनं क्लेमकडे बघितलं. "घरी अडवता ना तुम्ही?"

क्लेमचं तोंड उघडलं. त्याला आतून वाटत होतं, आता, आत्ताच. चारच शब्द होते. त्यानं खिशातली चष्म्याची डबी चाचपली.

"अडवतो बिचारा," नोलीन म्हणाली. "मीच ऐकत नाही. कंटाळा येतो मला. खरं सांगू का, मी बसतच नाही अभ्यासाला."

"बसतच नाही?"

"नाही. तो मागं लागतो, मी टीव्ही लावते."

फिलिपाचा चेहरा पडला. उत्साही माणसाचा पडतो तसा, अगदी एकदम. "मिसेस पर्डन, मी तुमच्यासाठी काय करणार मग?" ती म्हणाली आणि फाइलमध्ये लिहायला लागली. क्लेम तिच्या पेनाकडे बघत होता. पेन ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा शेवटापर्यंत गेलं. बरंच लांब होतं ते.

त्यानंतर फिलिपाच्या भेटी थांबल्या आणि घरी पाकिटं यायला लागली. काही हॉस्पिटलची असणार, काही विम्याची, काही कुणाचीही. क्लेम ती पेटीतून काढायचा आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा.

"शेजारच्या ऊनाकडे नेऊया का?" नोलीननं एकदा विचारलं.

"आणि ती विचारेल, तुला काय धाड भरलीय वाचायला, तर?"

"तर सांगू, चष्मा."

"ऊनाच्या नवऱ्याचे चष्मे पडलेत तिच्याकडे ढीगभर. लगेच देईल एखादा काढून." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ख्रिसमसला रोवीना येतेच आहे. ती वाचेल. हॉस्पिटलच्या पत्रात काय असतं? तारखा."

रोवीना ख्रिसमसच्या चार दिवस आधी आली. येताना आईसाठी गोष्टींच्या कॅसेटी घेऊन आली. नोलीननं एक लावली, थोडा वेळ ऐकली. "हा माणूस श्वास घ्यायला थांबतच नाही," ती म्हणाली आणि बंद केली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रोवीना चहाबरोबर काही द्यायला शोधत होती. तिनं बिस्किटांचा डबा उघडला.

"आई, ही काय पत्रं? फोडलीसुद्धा नाहीत?"

क्लेम दाराशी बूट घालत होता. त्याचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

रोवीनानं एकेक पाकीट फाडायला सुरुवात केली. विमा, विमा, क्लबाची लॉटरी.  पुढचा कागद तिनं उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला.

"यात लिहिलंय की हॉस्पिटलच्या शिफारशीवरून शहरातल्या वॉर्डात आईसाठी जागा राखून ठेवलीय. सहा आठवडे तिथं राहायचं, रोज दोन वेळा शिकवणार. पाच डिसेंबरच्या आत कळवा." तिनं दुसरं पाकीट फाडलं. "आणि यात लिहिलंय, तुमच्याकडून उत्तर आलं नाही, जागा दुसऱ्या रोग्याला दिली. आणि हे... 'रोग्याला सुधारण्याची इच्छा दिसत नाही. घरी सराव करत नाही, असं रोगी स्वतःच सांगते. शिफारस आता पुन्हा करता येणार नाही.'" तिनं मान वर केली.  "पाच डिसेंबर! इथं तीन आठवडे हे डब्यात पडलंय, बिस्किटांच्या! आई, तुला वाचता येत नाही, कबूल. पण बाबा, तुम्ही? तुम्ही कसं नाही वाचलंत?"

स्वयंपाकघरात घड्याळ चालू होतं. बाहेर ऊनाचा कुत्रा कुणावर तरी भुंकत होता. क्लेम बुटाकडे बघत होता. नोलीन क्लेमकडे बघत होती.

"मीच ठेवून दे म्हणाले," नोलीन म्हणाली. "फोडू नकोस म्हणून सांगितलं होतं मी त्याला. मला नव्हतं जायचं कुठं."

"नव्हतं जायचं?" रोवीना उभी राहिली. "ज्या बाईनं मला चार वर्षांची असताना वाचायला शिकवलं ती म्हणते मला नव्हतं जायचं? एवढी आळशी कधी झालीस गं तू? लोक तुझ्यासाठी जीव तोडतायत, बाबांनी नोकरी सोडली तुझ्यासाठी! थोडी लाज..."  ती पत्रं टेबलावर टाकून बाहेर गेली आणि फाटक आपटल्याचा आवाज आला.

क्लेमनं एका पायातला बूट काढला. "नोल," तो म्हणाला, "तू कशाला..."

"मी थांबले होते," नोलीन म्हणाली. ती पत्रांची घडी घालत होती, न बघता, हातानं चाचपून. "तू बोलशील म्हणून थांबले होते. फिलिपापुढंही थांबले होते आणि आत्ताही. बराच वेळ थांबले रे मी."

 क्लेमला वाटलं ती आता रडेल, मग आपण जवळ जाऊ. ती रडली नाही. तिनं पत्रं परत डब्यात ठेवली, वर बिस्किटं ठेवली आणि रोवीनाला आवडतात म्हणून शेंगा सोलायला बसली.

रोवीना आणखी सहा दिवस राहिली. आईशी ती कामापुरतं बोलली. शेवटच्या दिवशी क्लेम तिला विमानतळावर सोडायला गेला. नोलीन आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. आत जाण्याआधी रोवीनानं पिशव्या खाली ठेवल्या आणि बापाच्या गळ्यात हात टाकले.

"तुम्ही स्वतःला दोष देऊ नका हं, बाबा," ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "तिनं ठरवल्यावर तुम्ही तरी काय करणार? तिचं नशीब म्हणून तुमच्यासारखा माणूस मिळाला."

क्लेमनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या केसांना तिच्या आईच्या केसांसारखाच वास येत होता. "जा, उशीर होईल," तो म्हणाला.

परतीचा रस्ता लांबचा. शेवटचे दहा मैल त्याच्या स्वतःच्या रस्त्यावरून होते. आता दुसरा कुणी ते यंत्र चालवत होता आणि कडांना खड्डे पडायला लागले होते. घरापुढं त्यानं गाडी उभी केली. मग आत गेला.

नोलीन खिडकीशी बसली होती. तिनं मान वळवली, पुरती वळवावी लागे तिला आता, त्या बाजूचं काही दिसायचं नाही.

"गेली नीट?"

"गेली."

"काही म्हणाली?"

"नाही," क्लेम म्हणाला.

"बरं," नोलीन म्हणाली, आणि परत खिडकीकडे वळली.